फोन धरला की हात झिणझिणतो? बॅटरी बदलण्याआधी हे क्रमाने करा

"मालक, फोन करंट मारतोय. बॅटरी बदला की." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य दर महिन्याला चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. त्यात बॅटरीचा काडीचाही संबंध नसतो. फोनची बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची. कोरड्या हाताला ती जाणवणारच नाही. उलट बाजूची मंडळीही येतात. मेडिकलमधून 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्यांच्या दोन-दोन पट्ट्या संपवलेल्या असतात आणि दोष निघतो बाजारातल्या फुटकळ चार्जरमध्ये.

दोन्हीकडे चुकतो तो क्रम. चार्जरमधून येणारी झिणझिण आणि दबलेल्या नसेच्या मुंग्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आधी वेगळ्या केल्या नाहीत तर पुढचा सगळा खर्च चुकीच्या खिडकीवर जातो. मी डॉक्टर नाही. विजेचा भाग माझ्या रोजच्या कामातला आहे. नसांचा भाग मात्र रिपेअरिंगच्या टेबलावर कोपर टेकवून टेकवून माझीच करंगळी बधिर झाल्यावर, फिजिओथेरपिस्ट मावसबहिणीची बोलणी खात शिकलो.

थांबा, आधी हे वाचा. हात अचानक एकाच बाजूने बधिर झाला आणि सोबत तोंड वाकडं होत असेल, बोलणं अडखळत असेल, पाय लटपटत असेल, किंवा छातीवर दाब आणि घाम असेल, तर पुढचं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन लावा. असा हात थोड्या वेळात आपोआप बरा वाटला तरी दवाखाना चुकवायचा नाही.

## टप्पा १ : चार दिवसांची तयारी

एक वही घ्या. पहिल्या पानावर तळहात ठेवून पेन्सिलने हाताचा आकार काढा, उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. मुंग्या आल्या की त्या क्षणी ज्या जागी आल्या तेवढीच जागा रंगवा. शेजारी या गोष्टी लिहा:

- फोन चार्जिंगला होता की नव्हता
- कोपर वाकलेलं होतं का, मनगट मुडपलेलं होतं का, मान कुठं होती
- पायात चप्पल होती की फरशीवर अनवाणी होता
- त्याआधीच्या तीन-चार तासांत हाताने काय काम केलं
- मुंग्या कशाने गेल्या आणि जायला किती वेळ लागला

शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही.

या चार दिवसांत काहीही बदलू नका. नवं कव्हर नको, नवा चार्जर नको, गोळ्या तर नकोतच. लोक एकदम पाच गोष्टी बदलतात. मग बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही, आणि महिन्याभराने त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तपासा : "सगळाच हात झिणझिणतो" असं वहीत लिहिलं असेल तर ते खोडा. डोळे मिटा, घरातल्या कुणाला तरी कापसाच्या बोळ्याने एकेक बोट हळूच शिवायला सांगा, आणि कुठं कमी कळतं ते बघा. 'सगळा हात' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची करंगळी साफ शाबूत निघते. पुढं चौथ्या टप्प्यात याच एका गोष्टीवर निम्मा निकाल लागतो.

## टप्पा २ : करंट आहे का, ते वेगळं काढा

हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फरशी. बाथरूममध्ये, ओल्या मोरीजवळ, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर हे करायचं नाही. मग याच क्रमाने:

१. चार्जर न लावता फोन पाच मिनिटं नेहमीसारखा वापरा. मुंग्या आल्या तर त्यात चार्जरचा हात नाही.

२. आता फोन टेबलावर ठेवून चार्जिंगला लावा. कव्हर काढा. बोटाच्या मागच्या बाजूने, नखाच्या वरच्या भागाने, फोनच्या धातूच्या कडेवरून अगदी हलका हात फिरवा. गुळगुळीत धातू बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत किंवा थरथरता लागला तर तो चार्जरचा करंट.

३. बोट तसंच फिरवत असताना दुसऱ्या कुणाला बोर्डावरचं बटण बंद करून अ‍ॅडॉप्टर काढायला सांगा. खरखर त्याच क्षणी गेली का ते बघा.

४. आता फोन पॉवर बँकेवर लावा. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नको. इथं खरखर नाही आणि भिंतीच्या चार्जरवर आहे, म्हणजे निकाल लागला.

नसेच्या मुंग्या कधीच बटण बंद केल्यासारख्या जात नाहीत. हात सरळ केला तरी त्या रेंगाळतात, कधी क्षणभर वाढतात आणि मग ओसरतात. करंटची झिणझिण मात्र अ‍ॅडॉप्टर निघाला की खल्लास. म्हणूनच वहीत 'जायला किती वेळ लागला' हे लिहायला सांगितलं.

हा करंट येतो कुठून? आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज आहे. चार्जरच्या आत भिंतीकडची बाजू आणि फोनकडची बाजू वेगळ्या ठेवलेल्या असतात, पण विजेतला गोंगाट दाबायला दोन्हींच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवतात. त्यातून अत्यल्प प्रवाह फोनच्या धातूपर्यंत झिरपतो. चार्जरला दोनच पिना, अर्थिंगची तिसरी पिन नाही, त्यामुळे त्याला जायला वाट तुमच्या बोटातून. मानकात या प्रवाहाची मर्यादा पाव मिलिअँपिअर आहे. चांगल्या चार्जरवरही ही हलकी खरखर जाणवू शकते. तो बिघाड नसतो.

टेस्टरची फसगत : "टेस्टर लावला तर पेटला!" असं सांगत लोक घाबरून येतात. टेस्टरमधला निऑनचा दिवा इतक्या कमी प्रवाहावर पेटतो की झिरपणारा निरुपद्रवी करंट आणि जीवघेणा करंट यातला फरक त्याला कळत नाही. मल्टीमीटरही हवेतलेच ऐंशी-शंभर व्होल्ट दाखवून जातो. या दोन्हींवरून धोक्याचा अंदाज बांधू नका.

सावधान : झिणझिण वेगळी आणि झटका वेगळा. हात आपोआप मागे ओढला गेला, स्नायू आखडला, तर तो झिरपणारा करंट नाही. फोनला हात न लावता बोर्डाचं बटण बंद करा. तो चार्जर पुन्हा कधीही लावायचा नाही आणि कुणाला फुकटही द्यायचा नाही. थंडीत स्वेटर काढल्यावर एकदाच बसणारा 'टच्च' चटका ही स्थिर वीज असते. ती यात धरू नका.

## टप्पा ३ : करंटच निघाला, तर

पहिला चार्जर. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात बघा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १३२५२ सारखा मानक क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर, कोणत्या मालासाठी नोंदला आहे ते दिसतं. नुसतं छापलेलं चिन्ह पुरेसं नाही, कारण छापायला पैसे पडत नाहीत. चौकोनात चौकोन असं चिन्ह दुहेरी इन्सुलेशनचं. वजनावरून पारख करायची युक्ती विसरा. मी उघडलेल्या नकली चार्जरांपैकी एकात वजनासाठी लोखंडाचा तुकडा चिकटवलेला निघाला होता.

मग बोर्ड आणि जोडण्या. फोन लॅपटॉपला केबलने जोडलेला असताना झिणझिण येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन बघा. ती बोर्डात बसत नाही म्हणून कापलेली किंवा दोन पिनांच्या जोडाने डावललेली असते. हा उद्योग मी घरोघरी बघितलाय. तो बंद करा.

अर्थिंग शेवटी. इथं मोठी चूक होते. दोन पिनांच्या चार्जरची झिणझिण अर्थिंग सुधारून जात नाही, कारण त्या चार्जरचा अर्थिंगशी संबंधच नसतो. त्यासाठी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालत बसू नका. पण फ्रीज, लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांच्या बाहेरच्या पत्र्यालाही झिणझिण लागत असेल तर मामला वेगळा. वायरमन बोलवा आणि तीन मापं समोर घ्यायला लावा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं अगदी थोडं यायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांनी हे करायलाच हवं. भिंत रंगवली म्हणून आतली वायर आणि अर्थिंगचा गंजलेला जोड नवा होत नाही.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारी कळ, बसवली असेल तर तिचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. मात्र "ती पडली नाही, म्हणजे करंट नाही" असं समजू नका. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरला पडते. चार्जरची गळती त्याच्या शंभराव्या भागाइतकी असते.

सगळं ठीक असूनही हलकी खरखर उरली तर फोनला प्लास्टिक किंवा सिलिकॉनचं कव्हर घाला आणि चार्जिंगला लावून फोन हातात धरणं बंद करा. आपल्याकडं आषाढ-श्रावणात फरशीला ओल धरते, त्या दिवसांत अनवाणी उभं राहून तर नकोच.

फोनचं मागचं झाकण वर आलंय, स्क्रीन कडेला उचललीय, असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. तिचा मुंग्यांशी संबंध नाही, पण तो फोन लगेच बंद करून दुकानात न्या. दाबून झाकण बसवू नका.

## टप्पा ४ : करंट नाही? मग बोटं वाचा

वहीतलं रंगवलेलं चित्र समोर घ्या. हाताला संवेदना पोचवणाऱ्या नसांचे इलाके ठरलेले आहेत, त्यामुळे कुठं रंगलंय यावरून कुठं दबलंय त्याचा अंदाज येतो.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू रंगली असेल तर संशय कोपरावर. कोपर आपटलं की जी कळ झिणझिणत करंगळीपर्यंत जाते, तीच ही नस. फोन कानाला लावून किंवा उशीवर कोपर मुडपून तास तास बघत बसलं की ती ताणली आणि दाबली जाते. टेबल, गाडीची खिडकी, खुर्चीचा हात यावर कोपर टेकवणं म्हणजे वरून आणखी भर.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू असेल तर संशय मनगटावर. रात्री झोपेतून उठवणाऱ्या आणि हात झटकला की बरं वाटणाऱ्या मुंग्या बऱ्याचदा याच. गरोदरपणात आणि थायरॉइड कमी असताना हा त्रास जास्त दिसतो.

फक्त करंगळीची आतली कड, जिथं फोनचं बूड टेकतं, तेवढीच असेल तर फोनचं वजन. कव्हरसकट पाव किलोच्या जवळ जाणारा फोन एका करंगळीवर तोलून धरायचा, मग ती बोंबलणारच.

अंगठ्यामागची कातडी असेल तर आधी घड्याळाचा पट्टा किंवा हातातलं घट्ट कडं काढा.

खांद्यापासून कळ उतरत असेल, मान वळवली की मुंग्या वाढत-कमी होत असतील, तर मान. आणि दोन्ही हात, त्यात पायांचे तळवेही असतील तर फोनला सोडा. साखर, बी-१२, थायरॉइड यांचा शोध डॉक्टरांकडून घ्यावा लागतो.

तपासा, पण एकदाच : कोपर पूर्ण मुडपा, मनगट सरळ ठेवा, एक मिनिट थांबा. करंगळीकडं मुंग्या आल्या तर कोपराच्या बाजूने एक मत. थोड्या वेळाने दोन्ही हातांच्या मागच्या बाजू छातीसमोर एकमेकींना लावा, बोटं खाली, मनगटं मुडपलेली, पुन्हा एक मिनिट. अंगठा-तर्जनीकडं मुंग्या आल्या तर मनगटाच्या बाजूने मत. हा निकाल नव्हे, फक्त मत. दिवसातून दहा वेळा करून बघणारे नसेला उगाच त्रास देतात.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. उद्यमनगरातला एक पोरगा आला होता. दिवसभर कास्टिंगवर हँड ग्राइंडर चालवायचा. त्याची तक्रार अशी की रात्री फोन हातात घेतला की बोटं बधिर होतात, तेव्हा फोनच खराब. खरं तर हात आठ तास थरथरून आलेला असायचा, फोन फक्त तो उघडा पाडायचा. गार पाण्यात बोटं पांढरी पडतात का विचारलं, तर म्हणाला, "पडत्यात की." थरथरणाऱ्या हत्यारांनी बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडतात, आणि ते वेळेत सांगितलं नाही तर मागं फिरत नाही. त्याला मी फोन न उघडताच डॉक्टरकडं धाडलं. हुपरीला चांदीचं बारीक काम करणारे, हाताने धारा काढणारे, रोज वीस-पंचवीस किलोमीटर मोटरसायकल रेटणारे, तुम्हीही आधी दिवसाचा हिशेब मांडा आणि मग फोनवर आळ घ्या.

## टप्पा ५ : एका वेळी एकच बदल

कोपराचं प्रकरण असेल तर बोलताना इअरफोन लावा आणि कोपर काटकोनापेक्षा जास्त मुडपू नका. टेबलावर कोपर टेकणार असेल तर खाली टॉवेलची घडी. रात्री हात उशीखाली मुडपून झोपायची सवय असेल तर एक मोठा टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळून झोपा. हेतू एवढाच की हात पूर्ण मुडपू नये. माझी करंगळी या टॉवेलनेच ताळ्यावर आली, पण त्याला महिना लागला. घरचे हसले ते वेगळं.

मनगटाचं असेल तर एका हातात धरून त्याच अंगठ्याने टाइप करणं थांबवा. फोन एका हातात, टाइप दुसऱ्या हाताच्या बोटाने. लांब मेसेज बोलून टाइप होतात, मराठीतही. व्हिडिओ बघताना फोन डब्याला टेकवून ठेवा, हातात कशाला? रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावता येतो, मात्र तो मनगट सरळ ठेवणारा हवा, मागे वाकवणारा नको. सकाळी बोटं सुजलेली किंवा निळसर दिसली तर पट्टा घट्ट आहे.

करंगळीवर फोनच्या वजनाचं असेल तर फोनच्या मागे बोट अडकवायची रिंग लावा किंवा दोन्ही हातांनी धरा. दोन दिवसांत फरक कळतो.

एक बदल केला की निदान आठवडाभर तोच ठेवा. वही चालूच.

हे करू नका :

- दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेणं. मुंग्या मानेतून येत असतील तर हे धोक्याचं आहे, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.
- कोपराच्या मागच्या खोबणीत तेल लावून जोरात चोळणं. नस तिथं कातडीच्या अगदी खाली असते.
- बधिर हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं. जिथं कळत नाही तिथं भाजलेलंही कळत नाही.
- मोबाइलवर बघून नसांचे ताणाचे व्यायाम सुरू करणं. ते उपयोगी असतात, पण कुणीतरी समोर बसून शिकवल्यावर. ताण जास्त झाला तर मुंग्या वाढतात.
- मनाने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या महिनोन्महिने खाणं. त्यातलं बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ पोटात गेलं तर त्यानेच मुंग्या येतात. शिवाय तपासणीआधीच बी-१२ घेतलं की रिपोर्ट फसवा येतो.

## टप्पा ६ : डॉक्टरकडं कधी आणि काय घेऊन

तीन आठवड्यांत वहीत काहीच सुधारणा नसेल तर जा. खालच्यापैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका:

- हातातून कप, चावी सुटते, शर्टाची बटणं लावता येत नाहीत
- मुंग्या येत-जात नाहीत, कायमच बधिर आहे
- अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा किंवा अंगठा-तर्जनीमधला मागचा मांसल भाग बसल्यासारखा दिसतो
- कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही

शेवटच्या मुद्द्यावर लोक लाजतात. असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्या रोगात कोपराजवळची हीच नस सुजते. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर केला तर मात्र बोटं वाकडी होतात ती होतातच.

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. त्यांनी सांगितलं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी किंवा खासगी तज्ज्ञ. वही न्या, रंगवलेलं चित्र न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला, नावं आठवत बसू नका. साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं. पण म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. नसांच्या वेगाची तपासणी सांगितली आणि ती नॉर्मल आली, तरी त्रास खोटा ठरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ती नॉर्मल येऊ शकते.

डॉक्टरांचे उपचार सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी नव्या पानावर हात ठेवून पुन्हा आकार काढा आणि पुन्हा रंगवा. दोन्ही पानं शेजारी ठेवा. रंग आक्रसला असेल तर जे करताय ते चालू ठेवा. रंग तेवढाच असेल, किंवा करंगळीकडून सरकून अंगठ्याकडं गेला असेल, तर तेच पान घेऊन ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत दाखवा.